ठाण्यातलं जुनं घर विकताना बिल्डरला सगळ्यात शेवटी भेटा

नौपाडा, चरई, खारकर आळी, महागिरी या भागांतल्या दहा-बारा जुन्या घरांच्या फायली गेल्या काही वर्षांत मी मांडीवर घेऊन बसलो आहे. आधी आमच्या घराची, मग शेजाऱ्यांची, मग शेजाऱ्यांच्या व्याह्यांची. जवळजवळ प्रत्येक घरात गाडी एकाच क्रमाने रुळावरून घसरलेली पाहिली. आधी एजंट येतो आणि आकडा सांगतो. आकडा ऐकून बैठक भरते, बैठकीत वाद होतो, आणि वादात कुणीतरी विचारतं, "पण कागद कुठायत?" मग माळ्यावरची ट्रंक खाली येते.

खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. हा लेख खाजगी मालकीची जुनी घरं, वाडे आणि भाडेकरू असलेल्या चाळी यांच्यापुरता आहे. तुमची नोंदणीकृत सोसायटी असेल तर तिचा पुनर्विकास सहकार कायद्याच्या ७९अ च्या निर्देशांप्रमाणे होतो, तो रस्ता वेगळा. आणि वकील, सीए लागणारच. पण त्यांच्याकडे जाताना फाईल तुमची हवी. नाहीतर ते तुमच्या पैशाने तुमची ट्रंक उपसतात.

## टप्पा १: घर आधी कागदावर शोधा

जुन्या ठाण्यातली मिळकत ओळखायला घराचं नाव किंवा आळीचं नाव चालत नाही. लागतात दोन आकडे: टिका नंबर (नगर भूमापन नकाशातल्या विभागाचा क्रमांक) आणि नगर भूमापन क्रमांक, म्हणजे आपण ज्याला सि.स.नं. म्हणतो तो. हे दोन्ही घेऊन मालमत्ता पत्रक काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीची प्रत मिळते. जुने फेरफार मात्र बऱ्याचदा नगर भूमापन कार्यालयात जाऊनच पाहावे लागतात. एका फेरीत होईल असं धरून जाऊ नका.

पत्रकावर चार गोष्टी वाचा. धारकाचं नाव, क्षेत्र, सत्ताप्रकार (जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची) आणि इतर हक्क किंवा बोजा. जमीन शासकीय भाडेपट्ट्याची निघाली तर विक्रीआधी जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते, आणि तिथून पुढचं सगळं वेळापत्रक बदलतं. बोजाच्या रकान्यात आजोबांनी कधीकाळी काढलेलं कर्ज अजून उभं असतं. फेडलेलं असतं, पण कमी करून घेतलेलं नसतं.

आमच्या पत्रकावर धारक म्हणून पणजोबा होते. आजोबा, वडील, काका या कुणाच्याच नावावर घर कधी आलेलं नव्हतं, आणि तीन पिढ्या मालमत्ता कर मात्र बिनचूक भरत होत्या. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हीच. महापालिकेच्या कराच्या बिलावर नाव असलं म्हणजे मालकी होत नाही. विजेच्या बिलावर तर नाहीच नाही.

मूळ खरेदीखत शोधा. हरवलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) आणि प्रमाणित नक्कल काढता येते. खत फार जुनं असेल तर ते मोडीत निघू शकतं. तेव्हा घरातल्या एखाद्या हौशी मंडळींकडून "साधारण काय लिहिलंय" ते वाचून घेऊ नका, जाणकार मोडी वाचकाकडून सही-शिक्क्याचं लिप्यंतर करून घ्या. शेवटी वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकी आणि बोजे यांचा जुन्या नोंदींतून काढलेला माग.

थांबून तपासा: खतातलं क्षेत्र बहुतेक वेळा चौरस वारात असतं आणि पत्रकावर चौरस मीटरात. एक चौरस वार म्हणजे ०.८३६ चौरस मीटर. ५०० वारांचं खत असेल तर पत्रकावर साधारण ४१८ यायला हवेत. आमच्याकडे पाच-सहा मीटर कमी भरले. कारण पुढे टप्पा ४ मध्ये.

## टप्पा २: वारसांची वंशावळ, एकही नाव न गाळता

कोऱ्या कागदावर मूळ धारकापासून खाली झाड काढा. प्रत्येक नावापुढे हयात की मयत, लग्न झालेलं की नाही, राहतात कुठे, मृत्यूचा दाखला आहे का. हा कागद काढताना घरात शांतता असते. नाव गाळायचा पहिला प्रस्ताव आला की ती मोडते.

गाळलं जाणारं नाव बहुधा बाईचं असतं. "आत्याचं लग्न एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत झालं, तिला तेव्हाच सगळं दिलं." दागिने दिले असतील, हिस्सा दिलेला नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटणीचा किंवा विक्रीचा. घर आजोबांनी स्वतः कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिशेब थेट वारसाहक्काने होतो, आणि त्यातही मुलगी असतेच.

मग नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज. वाद असेल किंवा कागद तुटक असतील तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढावा लागतो. तो १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो. वर्ष वाचून हसू नका, कायदा आजही चालतो.

कुणाला हिस्सा सोडायचाच असेल तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच. सख्ख्या भावंडांत, आईवडील-मुलांत, वडिलोपार्जित मिळकतीत आणि एकही रुपया न घेता सोडला तर मुद्रांक नाममात्र, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. पैसे घेऊन सोडला तर ती विक्रीच धरली जाते आणि मुद्रांकही तसाच. तिळगुळाच्या दिवशी सगळ्यांसमोर "मला काही नको" म्हटलेलं दुय्यम निबंधकाला ऐकू जात नाही.

परदेशातल्या वारसाचं कुलमुखत्यारपत्र आत्ताच मागवा. तिथे साक्षांकन, अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणूनचं प्रमाणीकरण) किंवा वकिलातीचा शिक्का, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. बैठकी संपल्यावर आठवण झाली की सगळा व्यवहार एका पाकिटासाठी खोळंबतो.

सावधान: घरात धुसफूस आहे हे एजंटला कळलं की तो सगळ्यांशी न बोलता एकाशीच बोलतो. नाराज चुलतभावाचा अविभक्त हिस्सा थोडक्यात घेतला जातो आणि मग त्या हिश्श्याच्या जोरावर बाकीच्यांना भाव पाडून विचारलं जातं. इथे दोन गोष्टी माहीत असाव्यात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा घेतलेल्या परक्याला घरात येऊन एकत्र राहायचा हक्क मिळत नाही, त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. आणि हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पहिल्या वर्गातल्या वारसाने (मुलं, पत्नी, आई असे जवळचे) वारशाने आलेला हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. त्या भावाला दुखवू नका, त्याचा हिस्सा तुम्हीच विकत घ्या.

## टप्पा ३: भाडेकरू आधी, भाव नंतर

इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण व्यवहार इथेच अडतात आणि माणसंही इथेच दुखावतात.

पहिलं काम मोजदाद. आमच्या मागच्या चाळीत पावतीपुस्तकात सहा भाडेकरू होते, विजेचे मीटर आठ आणि रेशनकार्डं अकरा. खरा आकडा कोणता, हे मालकालाही नक्की माहीत नव्हतं. म्हणून एक वही करा आणि खोलीगणिक लिहा: पावती कुणाच्या नावाने, शेवटची पावती कधीची, आज राहतं कोण, त्यांचं मूळ भाडेकरूशी नातं काय, वापर राहण्याचा की धंद्याचा, पागडी (भाडेहक्कासाठीची एकरकमी रक्कम) दिली-घेतली असेल तर तिचा कागद, आणि आतलं मोजलेलं चटईक्षेत्र. पोटमाळा, पुढे काढलेला ओटा, मागची मोरी वेगळी लिहा. यावरूनच पुढे भांडणं होतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात मूळ भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो, आणि पागडीचा व्यवहारही कायद्याने मान्य आहे. "आजोबांच्या नावाची पावती होती, आजोबा गेले, आता यांचा काय संबंध" हे वाक्य मालकांच्या तोंडी फार असतं. न्यायालयात ते टिकत नाही.

दुसरं काम त्यांना सांगणं. तोंडी नाही, पत्राने. विकायचा विचार आहे, अजून कुणाशी ठरलेलं नाही, तुमच्या खोलीची ही नोंद आम्ही केली आहे, चूक असेल तर कळवा. एवढ्या चार ओळी. बहुतेक मालक हे लपवतात आणि मग गणपतीच्या आरतीला ती बातमी बाहेरून चाळीत येते. त्यानंतर तुमचं कुठलंच वाक्य खरं वाटत नाही.

तिसरं काम म्हणजे जागा देतो म्हणताना नेमकं काय देतो ते लिहिणं. खोलीच्या बदल्यात खोली म्हटलं की ऐकायला गोड वाटतं. पण महिना ऐंशी रुपये भाडं देणाऱ्या आमच्या समोरच्या आजी नव्या इमारतीत मालकीच्या फ्लॅटमध्ये गेल्या आणि दोन वर्षांत तो विकून मुलाकडे बदलापूरला राहायला गेल्या. लिफ्ट, पंप, वॉचमन, जिना धुणारा माणूस, सगळ्याचा मासिक हिशेब भाड्याच्या कित्येक पट होता. जुन्या ठाण्यातून माणसं निघून जातात ती अशी. फ्लॅट मिळाल्यावरही जातात. म्हणून पर्यायी जागेच्या करारात देखभाल खर्चासाठी कॉर्पस (राखीव निधी) किती, तो कुणाच्या नावाने कुठे ठेवणार आणि त्याचं व्याज कुणाला, हे येऊ द्या. हा करार नोंदणीकृत हवा. पाचशेच्या स्टँपपेपरवरचं नोटरीचं पत्र म्हणजे करार नव्हे.

दुकानदाराचं आणखी वेगळं. तळमजल्यावर पिठाची गिरणी, शिंपी, इस्त्रीवाला, किराणा. त्यांना क्षेत्र मिळतं, पण रस्त्याकडची बाजू मिळेलच असं नाही. करारात दर्शनी रुंदी फुटांत लिहा, दुकानाची उंची लिहा, गिरणीला थ्री फेज जोडणी लिहा. बांधकामाच्या काळात जवळपास गाळा कोण बघून देणार तेही लिहा. तीन वर्षं गिरणी बंद राहिली की गिऱ्हाईक पिशवीबंद पिठाची सवय करून घेतं, आणि ते परत येत नाही.

थांबून तपासा: वहीतल्या प्रत्येक पानावर भाडेकरूची आणि मालकाची सही आहे का? सही नसलेलं पान म्हणजे अजून न झालेलं काम.

## टप्पा ४: मोजणी आणि रस्त्याची रुंदी

सरकारी मोजणीचा अर्ज स्वतः करा. बिल्डरचा आर्किटेक्ट "आम्ही फुकट मोजून देतो" म्हणतो ते घेऊ नका. मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा) हातात असलेला माणूस आणि दुसऱ्याच्या टेपवर विसंबलेला माणूस यांच्या भावात फरक पडतो. आमचे ते पाच-सहा मीटर मागच्या शेजाऱ्याच्या कुंपणभिंतीत गेलेले निघाले. भिंत चाळीस वर्षांपूर्वीची, दोन्ही आजोबांनी संगनमताने सरळ केलेली. शेजाऱ्याकडून हद्द मान्य असल्याचं लिहून घेतलं आणि विषय मिटवला. मीटर परत मिळवायला दावा लावला असता तर आजही तारखा चालल्या असत्या.

आता रस्ता. जुन्या ठाण्यात प्लॉटच्या आकारापेक्षा समोरच्या रस्त्याची रुंदी जास्त बोलते. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियमावलीत, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, किती एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा) मिळणार ते रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नऊ मीटरच्या आतला रस्ता असेल तर साधारणपणे फक्त मूळ एफएसआय मिळतो, पैसे भरून घ्यायचा अधिमूल्याचा एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही. नऊ मीटर ओलांडले की हे दोन्ही दरवाजे उघडतात. नौपाड्यातल्या कित्येक आतल्या गल्ल्या सहा-साडेसहा मीटरच्या आहेत, आणि राम मारुती रोडवरच्या घराला मिळालेला भाव ऐकून गल्लीतला माणूस हट्ट धरून बसतो तो यामुळेच फसतो.

महापालिकेच्या शहर विकास विभागाकडून झोन दाखला आणि विकास योजनेचा अभिप्राय घ्या. त्यात तीन गोष्टी शोधा: प्लॉट दाटवस्तीत धरला आहे की बाहेर, कारण दोन्हींचे तक्ते वेगळे आहेत. कुठलं आरक्षण आहे का. आणि रस्तारुंदी किंवा महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खालची रस्तारेषा तुमच्या प्लॉटमधून जाते का. रेषा गेली म्हणजे वाईटच असं नाही. थोडी जमीन रस्त्याला जाऊन रस्ता नऊ मीटरचा होणार असेल तर उरलेल्या जमिनीची किंमत वाढूही शकते. घर हेरिटेज वास्तूंच्या यादीत आहे का हेही याच फेरीत विचारून घ्या.

लहान प्लॉट असेल तर शेजाऱ्याशी बोला. लिफ्ट, पार्किंग, अग्निशमनाची मोकळी जागा हे सगळं दीडशे-दोनशे मीटरांत बसवताना इमारतच उरत नाही. दोन प्लॉट एकत्र केले की बसतं. बिल्डर दोघांशी वेगवेगळं बोलत असतो, आणि दोघांनाही "शेजारी तयार आहे, तुमचंच अडलंय" म्हणत असतो.

आवारात झाडं असतील तर मोजून फोटो काढा. तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने प्राचीन वृक्षाचा दर्जा आहे. परसातला आंबा त्यात बसू शकतो. परवानगी कुणी आणायची ते करारात ठरवा.

## टप्पा ५: धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर

महापालिका पावसाळ्यापूर्वी याद्या काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटीस येते ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली.

काही मालकांना कुणीतरी कानात सांगतं: सी-१ करून घ्या, इमारत पडली की भाडेकरू संपले. असं होत नाही. सांगली-मिरज-कुपवाडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेहक्क संपत नाही, कारण भाडेकरार जमिनीलाही लागून असतो. म्हणजे इमारत गेली, भाडं गेलं, आणि भाडेकरू तसेच. शिवाय आता ते तुमच्यावर चिडलेले.

खरोखर धोका असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, माणसं बाहेर काढा. फक्त त्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातल्या क्षेत्राची नोंद महापालिकेकडून लेखी घ्या. टप्पा ३ ची वही इथे कामाला येते.

## टप्पा ६: सरळ विक्री की विकसन

आता कुठे बिल्डर. एक नाही, निदान तीन, आणि प्रत्येकाला तीच फाईल.

माझं मत स्पष्ट आहे. वारस पाच-सहाच्या वर असतील, कुणी परदेशात, कुणाचं कुणाशी जमत नाही, तर सरळ विक्री करा. पैसे कमी मिळतील, पण मिळतील. वारस दोन-तीन आहेत, सगळ्यांना राहायला दुसरं घर आहे आणि चार-पाच वर्षं थांबायची तयारी आहे, तरच विकसन करारनामा. "तेवढ्यात मुलीचं लग्न आहे" असल्या तारखा डोक्यात असतील तर विकसनाच्या वाटेला जाऊ नका.

विकसन करारात हे पाहा:

- क्षेत्र रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येतल्या कार्पेटमध्येच, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतल्या वापराच्या क्षेत्रातच लिहा. बिल्टअप, सुपर बिल्टअप हे शब्द करारात दिसले की खोडा.
- तुमचे फ्लॅट कोणते, हे नकाशावर रंगवून परिशिष्ट म्हणून जोडा. मजला, दिशा, पार्किंगचा नंबर.
- तात्पुरत्या घराचं भाडं आगाऊ, दरवर्षीच्या वाढीसह, आणि मुदत उलटली तर दंडासह. शक्य असेल तिथे बँक हमी.
- बिल्डर बांधकामासाठी कर्ज काढतो. तुमच्या आणि भाडेकरूंच्या फ्लॅटवर बोजा चढणार नाही हे स्वतंत्र कलमात.
- कुलमुखत्यारपत्र कामापुरतं मर्यादित. परवानग्या आणणं, आराखडे सादर करणं, त्याच्या वाट्याचे फ्लॅट विकणं. संपूर्ण मिळकत विकण्याचा अधिकार देणारं पत्र सहीला आलं तर पेन खाली ठेवा.
- काम ठराविक काळ बंद पडलं तर करार रद्द कसा होणार.

क्षेत्र वाटून घेणारा जमीनमालक महारेरात, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणात, बिल्डरसारखाच प्रवर्तक म्हणून धरला जातो, हे फार थोड्यांना माहीत असतं. ग्राहकाची तक्रार झाली की तुमचंही नाव कागदावर येऊ शकतं. त्यामुळे बिल्डरचे आधीचे प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर पाहा: मुदतवाढ किती वेळा, तक्रारी किती. मग त्यातल्या एका इमारतीत संध्याकाळी जा आणि जुन्या भाडेकरूचं दार वाजवा. माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

सावधान: भाडेकरूंचे करार "आम्ही बघून घेऊ" असं बिल्डर म्हणतो. कसं बघून घेणार, हे लेखी घ्या. पाणी तोडणं, जिना काढणं असले प्रकार झाले तर दावा मालकावरही येतो.

## टप्पा ७: कराचा हिशेब टोकन घेण्याआधी

टोकन घेतल्यावर सीएकडे जाणं म्हणजे जेवण झाल्यावर मीठ मागणं.

घर १ एप्रिल २००१ च्या आधीपासून कुटुंबात असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत ही तुमची खरेदी किंमत धरता येते. तिचा अहवाल नोंदणीकृत मूल्यांककाकडून घ्या. ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त दाखवता येत नाही. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घकालीन भांडवली नफ्याला १२.५ टक्के कर, इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून न धरता. पण त्या तारखेआधीपासून असलेल्या जमीन-घराला निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब (एचयूएफ) यांना जुन्या पद्धतीचा, इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा पर्याय आहे.

दोन्ही करून पाहा. समजा २०२५-२६ मध्ये तुमच्या हिश्श्याला एक कोटी आले आणि २००१ ची किंमत १५ लाख. पहिल्या पद्धतीने नफा ८५ लाख, कर १० लाख ६२ हजार ५००. दुसऱ्या पद्धतीने त्या वर्षाचा महागाई निर्देशांक ३७६, म्हणजे २००१ च्या ३.७६ पट, म्हणून १५ लाखांचे ५६ लाख ४० हजार होतात. नफा उरतो ४३ लाख ६० हजार आणि कर ८ लाख ७२ हजार. अधिभार आणि उपकर वेगळे. २००१ ची किंमत कमी निघाली तर उलटंही होऊ शकतं, म्हणून अंदाजाने ठरवू नका.

कर वाचवायचा तर नफा दुसऱ्या राहत्या घरात घाला: विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. सहा महिन्यांच्या आत ठराविक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात, पाच वर्षं अडकतात. घर लगेच सापडलं नाही तर विवरणपत्राच्या मुदतीआधी पैसे भांडवली नफा खात्यात ठेवा. साध्या बचत खात्यात ठेवून सूट मागणारे दरवर्षी भेटतात.

व्यवहाराची एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. एकेका वारसाचा हिस्सा ५० लाखांच्या आत असला तरी आता एकूण रक्कम पाहिली जाते. अनिवासी वारसाला कपात बरीच जास्त असते, त्याने कमी कपातीचा दाखला आधीच मागावा. नोंदणीकृत विकसन करारात व्यक्ती आणि एचयूएफ यांना कर साधारणपणे इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी लागतो. त्याआधी आपला वाटा विकला तर ही सवलत जाते.

आणि रोख नको. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो.

## टप्पा ८: टोकन, जाहीर नोटीस, नोंदणी

क्रम असा: आधी अटींचं टिपण सगळ्या वारसांच्या सहीने. मग दोन वर्तमानपत्रांत, एक मराठी आणि एक इंग्रजी, खरेदीदाराच्या वकिलाची जाहीर नोटीस. हरकतींची मुदत साधारण चौदा दिवस. मुदत संपल्यावर करार. टोकन मोठं घेऊ नका. खर्च झालेलं टोकन परत देता येत नाही आणि मग वाईट अटीही गोड मानाव्या लागतात.

मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकाने "दोन दिवसांत झेरॉक्स काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला मूळ खत दिलं. परत मिळायला पावणेदोन वर्षं गेली, आणि तोवर दुसरं कुठलंही गिऱ्हाईक दारात उभं राहिलं नाही.

ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक, स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून साधारण ७ टक्के जातात, नोंदणी फी १ टक्का पण ३०,००० च्या वर नाही. हे खरेदीदार भरतो, तरी खतात तसं लिहा. किंमत रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकातल्या किमतीच्या) दहा टक्क्यांहून जास्त खाली गेली तर फरकावर तुम्हालाही कर लागू शकतो.

थांबून तपासा: नोंदणीच्या दिवशी प्रत्येक वारसाचा धनादेश किंवा आरटीजीएस त्याच्या स्वतःच्या खात्यावर आहे ना? "थोरल्याच्या खात्यात घेऊ, मग वाटू" यातून नात्यातलं बोलणं बंद होतं आणि प्राप्तिकराचं पत्रही थोरल्यालाच येतं.

## टप्पा ९: ताबा देताना

शेवटचा हप्ता खात्यात जमा झालेला मोबाईलवर दिसल्याशिवाय किल्ली देऊ नका. त्या दिवशी वीज मीटरच्या आकड्याचा फोटो, पाण्याची आणि मालमत्ता कराची त्या तारखेपर्यंतची पावती, आणि दोन साक्षीदारांच्या सहीची ताबा पावती. कराच्या नोंदीतलं नाव बदलण्याचा अर्ज खरेदीदाराने केला की नाही, हे महिन्याभराने पाहा, नाहीतर थकबाकीची नोटीस तुमच्या नावाने फिरत राहते.

घरातलं काय तुमचं आणि काय जागेसोबत गेलं, हे आधी लिहा. सागवानी तुळया, कोरीव दारं, मंगलोरी कौलं, शहाबादी फरशा यांना मोडीच्या बाजारात चांगला भाव असतो, आणि तोडकामाचा ठेकेदार आपला दर त्यावरच ठरवतो. आमची माजघराची चौकट "तुम्ही घेऊन जा हो" असं तोंडी ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेलो तर चौकट दुसऱ्याच टेम्पोत चढलेली. तुळशीवृंदावन तेवढं उतरवून आणता आलं, कारण ते कुणालाच नको होतं. अशा वस्तूंची यादी खरेदीखताच्या परिशिष्टात घाला, मापांसकट. ताबा पावतीत घालू म्हणाल तर त्या पावतीवर सही करताना जेसीबी गल्लीच्या तोंडाशी आलेला असतो.